पाळण्याखालचा चाकू

माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना मी त्याला चाकू घेऊन दिला.

हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे. मंजिरी दर वेळी म्हणते, "मी तेव्हा बाळंतीण होते हो, माझं कोण ऐकणार?" (साफ खोटं! आमच्या घरात तिचं सगळ्यांत जास्त जर कधी ऐकलं गेलं असेल, तर ते त्याच दिवसांत.)

त्याचं असं झालं, की बाळ झोपेत दचकायचं. सगळीच बाळं दचकतात, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण आमच्या बाळाचं दचकणं वेगळं होतं. गाढ झोपेतून एकदम दोन्ही हात वर फेकायचं, डोळे टक्क उघडायचं आणि तोंडावरच्या रिकाम्या हवेत कुणाला तरी बघून किंचाळायचं. तेही नेमकं भर दुपारी, नाहीतर तिन्हीसांजेला. एकदा किंचाळलं की तासभर रडणं, आणि त्याच्याबरोबर मंजिरीचंही रडणं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मीही ऑफिसात नकाशावर रेघ मारता मारता डुलकी काढायचो आणि सरळ जाणारा कालवा शेजारच्या गावात शिरायचा. (मी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो.)

घरात तेव्हा दोन वडीलधाऱ्या बायका होत्या. एक माईआत्या, माझ्या वडिलांची बहीण. जन्म उज्जैनचा, सगळं आयुष्य उज्जैनात, अंगावर कायम पांढरं लुगडं. दुसऱ्या माझ्या सासूबाई, वर्ध्याच्या. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी मंजिरीला प्रवास करायला मनाई केली, म्हणून मग माहेरच ट्रंक घेऊन उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात येऊन राहिलं.

"ही बाहेरची चीज आहे," माईआत्या एके दिवशी म्हणाली. "दोपहर आणि तिन्हीसांज, हेच टाइम असतात त्यांचे."

"आमच्या वर्ध्याच्या घरी असं काही होत नाही बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा रोख घराकडे होता, आणि घर म्हणजे मी.

"अरुण, चाकू आण," माईआत्या म्हणाली.

मला वाटलं, तिला आंबा चिरायचा आहे. पण नाही! आमचे पूर्वज म्हणे दरबारात कारकून होते. बोरू तासायचा घडीचा चाकू, हेच त्यांचं हत्यार. घरात मुलगा जन्मला की बापानं तो चाकू स्वतःच्या हातानं पाळण्याखाली ठेवायचा, म्हणजे वाईटसाईट जवळ फिरकत नाही. मूळ चाकू थोरल्या काकांच्या वाटणीत ग्वाल्हेरला गेला होता, म्हणून मी नवा पारखून आणायचा.

"पण पक्का पाहिजे, बरं का! ते स्टील-फील बिल्कुल चालणार नाही. भट्टीत घडवलेला. भाव करायचा नाही. आणि एक बार पैसे देऊन हातात घेतला की घरी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, मागे वळून बघायचं नाही."

"आणि बघितलं तर?"

 माईआत्या नुसती पाळण्याकडे बघत राहिली. मला ते कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त झोंबलं.

"अजून एक," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "ठेवल्यानंतर त्याला कुणाचा हात लागलाच, तर लागला असं बोलायचं नाही. बोललं की लोखंडाची ताकद उतरते."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मंजिरी हळूच म्हणाली, "आणा ना. एक दुपार तरी त्याला झोपू दे." त्यावर काय बोलणार! शिवाय चाकू पारखण्याच्या बाबतीत मी स्वतःला अधिकारी समजत होतो. रोज ब्लेडनं पेन्सिली तासणारा माणूस. माझ्याहून जास्त पात्यांची जाण कुणाला असणार?

सुरुवात फ्रीगंजातूनच केली. देशाचा बाजार नुकताच जगाला खुला झाला होता आणि दुकानं परदेशी मालानं चमकत होती. दुकानदारानं माझ्यापुढे एक लालभडक वस्तू ठेवली. तिच्यातून कात्री निघाली, करवत निघाली, बाटली उघडायचं, दात कोरायचं, असं काय काय निघालं.

"इसमें चाकू कौन सा है?"

"ये... नहीं, ये तो फाइल है. ये वाला... एक मिनट." चाकू शोधता शोधता त्याचं नख मोडलं. चाकू शेवटपर्यंत सापडला नाही.

पुढच्या दुकानात चाकू मिळाला, पण उघडून जरा हलवला तर पातं मुठीत मान डोलवायला लागलं. त्याच्या पुढच्या दुकानातला मिटला की पातं एका बाजूला घासायचं. एकाची मूठ सुरेख, पण शिंगाची (जनावराच्या वस्तूला पाळण्याजवळ माईआत्याचा सक्त नकार). एक मनापासून आवडला, तर त्याची किंमत ऐकून मी नुसतीच मान हलवून बाहेर पडलो. भाव करायला बंदी! उज्जैनात राहून भाव न करता वस्तू घ्यायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. धार मात्र मी प्रत्येक दुकानात डाव्या हातावरचे केस उतरवून बघत होतो. मंगळवारी रजा काढून सकाळी सुरू केलेला हात दुपारपर्यंत कोपरापर्यंत तुळतुळीत झाला होता.

शेवटी गोपाल मंदिराच्या मागच्या गल्लीत शिरलो. कुणीतरी सांगितलं होतं की तिथे जुना माल मिळतो. मे महिना, लू सुटलेली, सगळ्या दुकानांची शटरं अर्धी खाली. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही. वाऱ्यानं एक कागद माझ्या पुढे पुढे सरपटत होता आणि मी थांबलो की तोही थांबत होता. पाटी नसलेल्या एका दुकानापुढे तो थांबला, आणि मीही.

आत अंधार. भिंतीवर ओळीनं चाकू लावलेले, सगळे मिटलेले. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. तो तिथे आहे, हे त्यानं बोलेपर्यंत मला कळलंच नाही.

"किसके लिए?"

मी इतका दचकलो, की त्या क्षणी मला माझ्या मुलाबद्दल नव्यानं सहानुभूती वाटली.

"बेटे के लिए."

"उमर?"

"दो महीना."

आता हा हसेल, असं मला वाटलं. तो हसला नाही. त्याला आश्चर्यही वाटलं नाही! दोन महिन्यांच्या मुलासाठी चाकू न्यायला लोक रोजच येत असल्यासारखं त्यानं माझ्या भादरलेल्या हाताकडे बघितलं, म्हणाला, "बहुत दुकान घूम लिए," आणि भिंतीवरचा एक चाकू काढून पुढे ठेवला.

पितळेच्या पट्ट्या, शिसवी मूठ, काळसर पातं. मी उघडला. कर्रर्र-टक्! खटक्याचा चाकू होता. तो आवाज रिकाम्या दुकानात जरा जास्तच वेळ रेंगाळला. पातं हलवून बघितलं, तसूभरही हललं नाही. मिटवला, पातं बरोबर मुठीच्या मधोमध. डाव्या हातावर केस शिल्लक नव्हते, म्हणून उजव्या हातावर धार बघितली आणि मनातल्या मनात वाहवा म्हटलं. किंमतही नेमकी माझ्या खिशाला झेपणारी. भाव करण्यासाठी जीभ नुसती वळवळत होती, पण गप्प बसून पैसे दिले आणि चाकू हातात घेतला.

"बिका हुआ लोहा मैं वापस नहीं लेता," म्हातारा म्हणाला. "घर में न टिके, तो शिप्राजी में छोड़ देना."

शिप्रा नदीत सोडायचं ते ठीक, पण न टिके म्हणजे काय? चाकू घरात टिकत नाही म्हणजे नेमकं काय करतो? माझ्या तोंडावर प्रश्न आला आणि तिथेच अडकला, कारण चाकू आता माझ्या हातात होता. बोलायची बंदी! मी हातवारे करून विचारायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

निघालो. सवारीचा टेम्पो एकही नाही, म्हणून पायीच. एका हातात मंजिरीनं सांगितलेल्या मेथीची पिशवी, दुसरा हात खिशातल्या चाकूवर. छत्री चौक मागे पडला आणि मला पावलं ऐकू आली. टक्, टक्, टक्, टक्. माझ्या अगदी मागे. मी भरभर चाललो, ती भरभर झाली. मी थांबलो, तीही थांबली. रस्ता रिकामा, उन्हानं पांढरा पडलेला. मागे वळायचं नाही! मानेवर घाम थंड झाला. मध्येच कुणीतरी माझी पिशवी हळूच ओढली. मी, सरकारी नोकर, मनातल्या मनात भीमरूपी म्हणत पळायला लागलो आणि फ्रीगंजपर्यंत पळतच आलो.

माईआत्यानं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले.

"अरुण, तुझ्या मागे कोण आहे?"

 मी उंबरा ओलांडला, चाकू तिच्या हातात कोंबला आणि मगच वळलो. दारात एक बकरी उभी होती. तिच्या तोंडात आमची मेथी होती.

(मी हसून घेतलं. पण शहराच्या या टोकापर्यंत बकरी येते का कधी कुणाच्या मागे? रात्रीच्या जेवणापर्यंत मी हा प्रश्न स्वतःला विचारत होतो.)

चाकू बाळाच्या अंथरुणात ठेवायला मंजिरीनं साफ नकार दिला, आणि ते बरंच झालं. पाळण्याच्या बरोबर खाली जमिनीवर एक पाट मांडला, आणि मी माझ्या हातानं चाकू मिटवून त्यावर ठेवला. मिटवून! हे नीट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो, तेव्हा तो उघडा होता.

पातं दाराकडे रोखलेलं.

कुणाला विचारणार? हात लागला तरी बोलायचं नाही, असा नियम. मी तो गुपचूप मिटवला. जेवून पाणी प्यायला उठलो, तर पुन्हा उघडा. हात धुऊन आलो, तर मिटलेला. मधल्या वेळात मी खोलीत कुणाला जाताना बघितलं नव्हतं. आणि बाळ? ते त्याही दुपारी दचकलंच!

दोन दिवसांनी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज अगदी खाली.

"जावईबापू, तुम्हाले म्हणून सांगते. तो चाकू आपोआप उघडून राहिला. मी डोळ्यांनी पाह्यलं."

संध्याकाळी माईआत्यानं मला अंगणात गाठलं.

"कुणाला बोलू नकोस. तो चाकू आपोआप बंद होतो. मी तीन दफा चेक केलं."

म्हणजे एकीच्या समोर उघडतोय, दुसरीच्या समोर मिटतोय! पाळण्याखाली काहीतरी श्वास घेत पडलं आहे, असं मला वाटायला लागलं. विश्वास नसलेला मी त्या खोलीत जाताना आधी खाकरायला लागलो. घर में न टिके, तो शिप्राजी में छोड़ देना. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं!

आणि मग सासूबाईंनी निकाल दिला. "या घरात काही तरी आहे. मी पोरीले आणि लेकराले वर्ध्याले घेऊन जाते. डॉक्टरांनी आता परवानगी देली हाये. जावईबापू, तिकिटं काढून आणा."

तिकिटं मीच काढायची! स्वतःच्या बायकोला आणि मुलाला स्वतःच्या घरातून पाठवायला मीच रांगेत उभं राहायचं.  मंजिरी इतकी दमली होती, की जिथे झोप मिळेल तिथे जायला तयार होती. मला तिचा राग आला नाही. पण दोन महिन्यांत मला त्या घरात दुधाचा, धुरीचा, बाळाच्या दुपट्यांचा वास इतका सवयीचा झाला होता, की त्याच्याशिवायच्या त्या खोल्यांची कल्पनाही करवत नव्हती. मी सांगितलं, "रविवारपर्यंत थांबा." रविवारी भर दुपारी लपून बसायचं आणि काय आहे ते बघायचं, असं मी ठरवलं. बघून काय करणार होतो, ते ठरवलं नव्हतं.

रविवार. सगळे जेवून आडवे झाले. वीज गेलेली, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या. खोलीत दिवसाढवळ्या काळोख. मी खिडकीवरच्या ओल्या वाळ्याच्या पडद्यामागे उभा राहिलो. बाहेर लू घोंगावत होती. बाळ झोपलेलं. पाळण्याची कडी अधूनमधून आपली आपणच कुरकुरत होती. पाटावर चाकू. मिटलेला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दाराशी काहीतरी पांढरं हललं. जमिनीलगत, आवाज न करता, ते पाळण्याखाली सरकलं. त्यातून वाळकी, लांब बोटं बाहेर आली.

कर्रर्र-टक्!

मी डोळे मिटून घेतले. (हो, घेतले! तुम्ही असता तर तुम्हीही घेतले असते.) उघडले तेव्हा पांढरं नाहीसं झालं होतं आणि पातं दाराकडे रोखलेलं होतं. एवढ्यात दुसऱ्या दारातून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, काळोखात आणखी एक हात जमिनीवरून पुढे आला. या हातात मात्र बांगड्या होत्या. हिरव्या. वर्ध्याच्या. त्या हातानं चाकू मिटवला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडत होता, पण तो पूर्ण पडायच्या आत पहिलं पांढरं परत आलं. बहुधा संशय आला असावा. पाळण्याखाली, पूर्ण अंधारात, दोन्ही हात एकाच वेळी चाकूवर गेले आणि एकमेकांना भिडले.

तशी किंकाळी मी त्यानंतर ऐकलेली नाही. एक नव्हे, दोन! "अगं बाई गंऽऽ!" आणि "माय वोऽऽ!" दोघींना धीर द्यावा म्हणून मी पुढे झेपावलो. ओला पडदा दांडीसकट माझ्यासोबत आला. अंगभर वाळ्याच्या काड्या लोंबत असलेला, पाणी ठिबकणारा, हात पसरलेला मी त्या दोघींनी बघितला. यानंतरच्या किंकाळ्या आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत होत्या. सासूबाईंनी पाट उचलून माझ्या गुडघ्यावर हाणला. माईआत्यानं स्तोत्र म्हणत धुरीचं भांडं फेकलं. मी "मी आहे, मी, अरुण!" ओरडत होतो, पण नाव सांगणारी भुतं जास्त वाईट असतात, असं माईआत्याचं पूर्वीपासूनचं मत आहे.

मंजिरी धावत आली आणि तिनं खिडकी उघडली.

मग सगळा उलगडा झाला. माईआत्याच्या मते मिटलेलं लोखंड म्हणजे झोपलेला चौकीदार, त्याचा उपयोग काय! म्हणून ती येता-जाता उघडायची. वर्ध्याकडे बाळंतिणीच्या खोलीत उघडं पातं ठेवलं की घरात भांडणं होतात, म्हणून सासूबाई मिटवायच्या. नियमाप्रमाणे दोघी बोलल्या नाहीत. मधूनमधून मीही मिटवत होतोच.

"अहो ताई, एक बार बोलायचं तर!" माईआत्या म्हणाली.

"तुम्हीच म्हटलं ना, बोलायचं नाही म्हणून!" सासूबाई म्हणाल्या. आणि दोघी जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागल्या. घरात काही नव्हतं! वर्ध्याला जायचं कारणच उरलं नव्हतं! मला तर रडू यायचं बाकी होतं.

पण मंजिरी हसत नव्हती. ती पाळण्याकडे बघत होती.

"एवढा आरडाओरडा झाला," ती हळूच म्हणाली, "आणि हा उठलाच नाही. मग रोज दचकतो तरी कशाला?"

 लू घोंगावत होती. बाळ जराही हलत नव्हतं. एवढ्या गोंधळात न उठणारं बाळ!  मी धावत पाळण्याशी गेलो, वाकलो, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि श्वास चालू आहे ना, हे बघायला ओल्या हाताचं बोट त्याच्या नाकाखाली धरलं.

दोन्ही हात वर! डोळे टक्क उघडे! नजर तोंडावरच्या हवेत, म्हणजे माझ्यावर! आणि किंकाळी!

तिघी माझ्याकडे बघत होत्या.

"अहो," मंजिरी म्हणाली, "तुम्ही हे रोज करता?"

"रोज म्हणजे... नुसतं बघतो. श्वास घेतोय ना, एवढंच. काळजी वाटते गं."

"कधी?"

"दुपारी जेवायला येतो तेव्हा. आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर."

"आणि तो उठला की?"

"मग मी बाजूला होतो आणि तुमच्याबरोबर घाबरतो," मी म्हणालो.

 सासूबाईंनी बाळाला उचललं. माईआत्यानं चाकू उचलला, कर्रर्र-टक् करून उघडला, पाळण्याभोवती तीन वेळा फिरवला आणि माझ्याकडे बघत पाटावर ठेवला. या वेळी सासूबाईंनी तो मिटवला नाही.

लोखंडाला बाधा खरंच घाबरते का, यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही. चाकू घरात आल्यावर आठवड्याच्या आत बाधा पाळण्यापासून दूर झाली, हे मी स्वतः अनुभवलं आहे. ती बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागली आणि सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायला लागली.